शिवानीला उचलायचं कसं

पुणे, १२ जानेवारी २००३

शिवानीच्या बाबांना मोहिनीचा नमस्कार.

आमी दोघी बऱ्या आहोत. शिबिरात जेवण बराबर मिळतं. शिवानीचा खोकला थांबला. तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत?

इथं अकरा लेकरांच्या आया आहेत. लेकराची मान कशी सावरायची, घास अडकू न देता कसा भरवायचा, हे शिबिरातल्या बाई रोज शिकवतात. काल मी न राहवून विचारलं, "बाई, चालायचं कधी शिकवणार?"

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "मोहिनी, ती चालणार नाही. या आजाराला औषध नाही. म्हणून तर तुला शिकवतोय."

शिवानी माझ्याकडंच बघून राहिली होती, म्हणून मी रडले न्हाई.

गरवारपणी ग्रहणात मी विळी धरली म्हणून लेकरू असं झालं, असं तुमच्या आई म्हणायच्या. मलाबी चार वर्षं तेच खरं वाटलं. बाई म्हणल्या, हे आईबाप दोघांच्या रक्तातून येतं, चूक कुणाचीच न्हाई. आईंना तुमीच सांगा, मला बोलता यायचं न्हाई.

सुताराला पांगुळगाडा सांगितला असंल तर नको म्हणा. त्याच लाकडाची उंच पाठीची खुर्ची करायला लावा. माप या कागदाच्या मागं लिहिलंय.

शनिवारी वसमतच्या स्टँडवर या. तिला कसं उचलायचं, ते तिथंच तुमाला दाखवते.

तुमची,
मोहिनी