टिकलीची पहिली आंघोळ

९ सप्टेंबर, मंगळवार
गुडघा आज पुन्हा बोलला. रेवाला लिफ्टच्या दारापासून स्कूलबसपर्यंत कडेवर नेली. दुसरीतली नात, कडेवर शोभते का? पण खाली ठेवायला गेलं की मानेला असा विळखा घालते की आपलाच जीव गुदमरतो. गेटजवळच्या वाळूच्या ढिगावर तो काळा कुत्रा पसरलेला असतो. जूनमध्ये तिला चावला तो हा नव्हेच, तो केव्हाच कुठेतरी गेला. पण हे तिला कोण पटवणार. इंजेक्शनं झाली, पोटरीवरचा व्रणही पुसट झाला, भीती मात्र जशीच्या तशी. शाळेच्या आवारात चालते म्हणे, एरवी घराबाहेर पाय जमिनीला लावायचा नाही म्हणजे नाही. अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्यभर माणसांवर ओरडलो, सगळे ऐकायचे. ही सात वर्षांची कारटी ऐकत नाही.

स्नेहल, म्हणजे सूनबाई, ऑफिसातून येताना डॉक्टरांना भेटून आली. जबरदस्ती नको म्हणाले. घरात एखादा छोटा प्राणी आणा, हाकेला ओ देणारा, अंगावर न येणारा. त्याचं सगळं तिला करू दे, मग बघू. मी म्हटलं, कुत्र्याच्या भीतीवर औषध म्हणून आणखी एक जनावर? तर म्हणते, "बाबा, तुमचा गुडघा किती दिवस पुरणार?"
चहा प्यायलो.

११ सप्टेंबर, गुरुवार
जेवताना सभा. प्रशांतचं मत मासे. आवाज नाही, घाण नाही, सोसायटीची कटकट नाही. रेवाने विचारलं, "मासा हाक मारली की येतो का?" चिरंजीवांनी भात वाढून घेतला.
सौ.चा मुद्दा वेगळाच. पितृपंधरवडा चालू आहे, या दिवसांत घरात नवीन वस्तू आणत नाहीत. प्र. म्हणाला, "आई, प्राणी म्हणजे काय वस्तू आहे?"
"मग तर नाहीच."
शेवटी ठरलं, बघायला हरकत नाही. आणायचं ते दसऱ्याला.

१४ सप्टेंबर, रविवार
उल्हासनगरला जाऊन आलो. मी, प्र. आणि त्याच्या कडेवर रेवा. बाजारात गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा सिंधी शेठ, पिंजऱ्यांच्या भिंती रचून मधे स्टुलावर बसलेला. लव्हबर्ड्स पाहिले. दिसायला गोड, पण प्र.ने बोट पुढे केलं आणि टोच खाल्ली. ससा पाहिला. त्याने मागचे पाय झाडले तशी रेवा बापाच्या खांद्यात घुसली. हॅमस्टर झोपलेला. शेठ म्हणाला, "ये दिन में सोएगा, रात को चक्का घुमाएगा." आमच्या घरी रात्रीचा आवाज करायला मी आहे, दुसरा नको. पोपटाचं विचारलं तर हात जोडले, "साईं, देसी पोपट का नाम मत लो, कायदे में मना है."

मग त्याने कोथिंबिरीची प्लास्टिकची पिशवी नुसती चुरगाळली. कोपऱ्यातल्या टोपलीतून शिट्ट्या सुरू. एक नाही, सात-आठ. गिनी पिग म्हणे. माझ्या लेखी उंदीरच, फक्त शेपूट नसलेला. पण रेवा हसली. घराबाहेर ही पोरगी हसलेली जूननंतर मी पाहिली नव्हती. उगाच रस्त्याकडे बघत उभा राहिलो.

तिने शेठला विचारलं, "हे चावतं का?" शेठ सरळ माणूस. "घबराया तो थोडा चावेल. पहले हात सुंघाने का, फिर उठाने का. बहुत डरपोक है, बेटा. तेरे से भी जास्ती."
"माझ्यापेक्षा?"
परतीच्या वाटेवर गाडीत अख्खा वेळ हेच. आजोबा, माझ्यापेक्षा कोणी भित्रं असतं का?
शेठ जोडी घ्या म्हणत होता, एकटं उदास होतं म्हणाला. मी सांगितलं, मी घरीच असतो दिवसभर, मी आहे ना जोडीला. प्र. फिदीफिदी हसला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार
घट बसले काल. इकडे उंदराचा बंगला बांधायला घेतला. शेजारी इमारतीचं काम चालू आहे, तिथल्या सुपरवायझरकडून प्लायचे तुकडे आणले. आमच्या खरवईत सध्या माणसं कमी आणि प्लाय जास्त. हवेला जाळी, खाली सरकता ट्रे, आतल्या आत लपायला एक खोली. रेवा खिळे देत होती. म्हणाली, "दोन दारं कर. एका दारातून कुत्रा आला तर गिनी पिगला दुसऱ्यातून पळता येईल." कारखान्यात सेफ्टीवाल्यांनी एवढं डोकं चालवलं असतं तर बरं झालं असतं. केली दोन दारं.
सौ. बघून गेली. "मी स्वयंपाकघरात एक फळी मागतेय कधीपासून." होय, मागतेय खरी.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
आणलं. आणली म्हणायला हवं, मादी आहे. पांढरी, कपाळावर एकच तपकिरी ठिपका. प्र.ने गाडीला झेंडूचा हार घातला, उरलेला रेवाने पिंजऱ्याला घातला. पाहुणीने तो लगेच खायला घेतला. सौ. निरांजन घेऊन आली, ओवाळलं, कुंकवाचं बोट पुढे नेलं आणि थांबली. "हिला आहेच की." म्हणून नाव टिकली.
रेवाने आधी हात हुंगवला. नंतर तो तिच्या नाकासमोर किती तरी वेळ नुसता धरून ठेवला. मोठी माणसं एवढा धीर धरत नाहीत. संध्याकाळी टिकली तिच्या मांडीवर.

८ ऑक्टोबर, बुधवार
फ्रिजचं दार उघडलं की शिट्टी. पिशवी वाजली की शिट्टी. रेवा शाळेतून आली की वेगळी, लांबलचक शिट्टी. मी दिवसभर सोबत असतो, माझ्यासाठी काही नाही. दुपारी दोघींना मराठीचा धडा वाचून दाखवायचा हुकूम आहे. काकडी, सिमला मिरची, ट्रे साफ करणं, सगळं रेवा करते. मी फक्त हमाल.
लिफ्ट ते बस मात्र कडेवरच. घरात टिकली आली, पण पायांचं काही जमलं नाही. धीर धरा म्हणतात. मला धीर नाही, कधी नव्हता.

१३ ऑक्टोबर, सोमवार
वाईट दिवस. पार्किंगमध्ये गुडघ्याने दगा दिला. रेवा कडेवर, मी भिंतीला टेकलो म्हणून निभावलं. वॉचमन धावत आला, त्याने तिला घ्यायला हात पुढे केला तर किंचाळली. बस पाच मिनिटं थांबली, मग गेली. शाळा बुडाली.
संध्याकाळी प्र. माझ्यावर चिडला. सांगायचं नाही का एवढं दुखतंय ते? स्नेहल भांडी घासत राहिली. नंतर म्हणाली, "दिवाळीनंतर शाळा उघडली की आठवडाभर बघते. नाही जमलं तर नोकरी सोडते. दुसरा काय उपाय आहे?" नऊ वर्षं झाली तिला त्या ऑफिसात. येत्या मार्चमध्ये प्रमोशन. सोडते म्हणाली ते अगदी सहज, मीठ संपलंय म्हणावं तसं.
रेवा पिंजऱ्यापाशी बसून होती. ऐकलं असणार. लहान मुलांना सगळं ऐकू येतं.

१९ ऑक्टोबर, रविवार
चकल्या झाल्या. पहिला घाणा मऊ. असं मी म्हटलं आणि मला चिवड्यावर बसवण्यात आलं. खाली फटाके सुरू झालेत. टिकली लपायच्या खोलीतून बाहेर येत नाही. रेवाने पिंजऱ्यावर सौ.चं जुनं लुगडं टाकलं आणि बाजूला बसून सांगत होती, "आवाज नुसता असतो, तो आत येत नाही." हेच वाक्य आम्ही तिला किती वेळा सांगितलं. तिच्या तोंडून ते पटण्यासारखं वाटलं.
उटणं भिजवून ठेवलंय. पहाटे उठायचं आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी.
काय केलं आम्ही हे.
पहाटे सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. तेल, उटणं, ऊन पाणी, ओवाळणं, कारीट फोडणं, सगळं रीतसर. रेवाने विचारलं, आज उजाडायच्या आत जो आंघोळ करत नाही तो नरकात जातो ना? मग टिकली? सौ. म्हणाली, घरातली आहे, तिलाही घाला. मी म्हटलं, आणा इकडे. आणि मीच चोळलं. तेल, वर उटणं, वर तांब्याभर पाणी. रेवा टाळ्या वाजवत होती. सौ.ने ओवाळलं. आम्ही हसत होतो.

आठला थरथरायला लागली. कोथिंबीर पुढे केली तर तोंड फिरवलं. अंगावरचं तेल निघेना, केस चिकटून हाताएवढं जनावर मुठीएवढं झालेलं. स्नेहलने फोनवर वाचलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. यांना असं भिजवायचं नसतं म्हणे, गारठतात, जीवही जातो. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
सणाच्या दिवशी डॉक्टर कुठे मिळणार? चार ठिकाणी फोन. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर एक बाई डॉक्टर दुपारपर्यंत आहेत, लगेच या म्हणाल्या. प्र. नेमका मिठाई पोचवायला कल्याणला. गाडी त्याच्याकडे. रिक्षा गेटबाहेर उभी केली.

रेवाने टिकलीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं होतं. कोणाकडे देईना. लिफ्ट खाली आली. स्ने. सवयीने तिला उचलायला वाकली.
"नको, आई. मला उचललंस तर ती दबेल."
आणि चालायला लागली.

मी मागे. स्ने. मागे. पार्किंग, वॉचमनची खुर्ची, वाळूचा ढीग. काळ्याने मान वर केली. रेवा थांबली. आता बसते मटकन, असं वाटलं. तिने पाठ त्याच्याकडे केली, टॉवेलवर वाकली आणि आडवी, खेकडा चालतो तशी, ढिगापुढून सरकत रिक्षापर्यंत गेली. रिक्षात बसल्यावर दात वाजत होते तिचे. स्ने.चे डोळे वाहत होते, ती पुसतसुद्धा नव्हती.

दवाखान्यात तर कुत्रेच कुत्रे. फटाक्यांनी घाबरलेले, एकाचा पाय भाजलेला. मी म्हटलं, संपलं, आता ही परत फिरणार. रेवाने पाय बाकावर वर घेतले, भिंतीला चिकटली, पण उठली नाही. समोरचा लॅब्राडोर थरथरत होता. बराच वेळ बघून तिने त्याच्या मालकिणीला विचारलं, "तो पण घाबरलाय?" बाई म्हणाल्या, "खूप. रात्रभर पलंगाखाली होता." रेवाने मान हलवली, जाणत्या माणसासारखी.
डॉक्टरबाईंनी आधी टिकलीला गरम केलं, नंतर मला. काका, यांना अभ्यंगस्नान नसतं. औषध दिलंय. ऊब द्या, खात नाही तोवर सिरिंजने भरवा. वाचेल का, ते आजच्या आज नाही सांगू शकत म्हणाल्या.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
लक्ष्मीपूजन. सौ.ने फराळाला हात लावला नाही. देवापुढे बसली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी सांगितलं, पाणी मी घातलं, तू काय तोंड पाडून बसतेस. म्हणाली, "घाला कोण म्हणालं?" अशी भागीदारी.
रेवा गरम पाण्याची पिशवी बदलतेय, सिरिंजने भरवतेय. अर्धं बाहेर सांडतं. माझ्यावर रागावली असेल म्हणून विचारलं. म्हणाली, "तुला माहीत नव्हतं ना. मलापण नव्हतं." एवढंच. आत जाऊन तोंड धुतलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.
दुपारी काकडीचा तुकडा स्वतःहून कुरतडला. मग दुसरा. घरात जो काही गलका झाला, खालच्या मजल्यावरून विचारायला आले. सौ.ने सगळ्यांना बासुंदी वाढली. मला दोनदा. मागच्या चार दिवसांत मला ती नवराही म्हणायला तयार नव्हती.
डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणाल्या, छान. आता हिला जोडीदारीण आणा, एकटी ठेवू नका. म्हणजे मी पुरेसा नाही, असं अधिकृत ठरलं.

३ नोव्हेंबर, सोमवार
शाळा उघडली. आज हातात टिकली नाही, दप्तर आहे. लिफ्टचं दार उघडलं. स्नेहल ऑफिसची पर्स खांद्याला लावून वर गॅलरीत उभी, मला माहीत होतं. वर पाहिलं नाही.
रेवा म्हणाली, "आजोबा, तू त्या बाजूने चाल." कुत्र्याच्या बाजूने, म्हणजे. चाललो. हात एवढा घट्ट की बोटं पांढरी पडली, माझीही, तिचीही. मी लंगडत होतो म्हणून ती हळू चालली, की ती हळू चालली म्हणून मला जमलं, सांगता येणार नाही. बसच्या पायरीवर चढली तेव्हा मागे वळून पाहिलं नाही तिने. गॅलरीत मात्र कोणीतरी नाक शिंकरलं.

दुपारी बसमधून उतरली आणि दोन्ही हात वर. काळा आज गेटच्या अगदी मधोमध पसरलेला. उचलली. जड लागली नाही वगैरे खोटं कशाला लिहू, चांगली जड लागली. त्याला ओलांडून वॉचमनच्या खुर्चीपर्यंत आलो तर कानात म्हणते, "आता सोड. इथून मी जाते."
सोडली. दप्तर आपटत लिफ्टपर्यंत पळाली.
संध्याकाळी स्नेहलला सांगितलं, सगळं, हात वर केलेलेसुद्धा. ती म्हणाली, "म्हणजे तेवढाच गेटपुढचा तुकडा राहिलाय." नोकरीचं मी विचारलं नाही, तिने काढलं नाही. उद्या सकाळच्या डब्याची तयारी मात्र दोघींची करतेय, तिची आणि रेवाची.