गाऱ्हाण्यातली भाडी

पार्से, सोमवार, दिवेलागण

सकाळी देवळात नेहासाठी गाऱ्हाणं घालून घेतलं. देवापुढे गाऱ्हाणं म्हणणाऱ्या गावकरांना एवढंच सांगितलं, लेक लढाईच्या देशात गाडी चालवते. तर ते सवयीने म्हणून गेले, "हिच्या गाडयेक भरपूर भाडीं गावूं देत रे म्हाराजा!" मीही सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हटलं. घरी येताना धस्स झालं. तिची अँब्युलन्स, तीही सेवेची. तिला भाडं म्हणजे जखमी माणसंच ना! आई असून मी हे काय मागून बसले?

आत्ता तिचा फोन आला. सुखरूप आहे. "आई, आज गोळीबार बंद होता गो. एकच फेरी झाली. एका बाईचे दिवस भरले होते, ती गाडीतच बाळंत झाली. मुलगी!"

चढली एक, उतरल्या दोघी. असलींच भाडीं गावूं देत रे म्हाराजा.