दहा वाट्या मैदा म्हणजे किती

ती. अक्कास,

धाकट्याचा पीठ लागलेल्या हातांनी नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचा खोकला बसला असेल, नसेल तर त्यांना म्हणावं, निदान बोलताना तरी थांबत जा. मी बरा आहे. डोकं तेवढं ठिकाणावर नाही, त्याचीच हकिगत लिहितो.

वृद्धाश्रमात मला महिनाभराच्या बोलीवर आचारी म्हणून ठेवलंय, हे तुला ठाऊक आहेच. गुरुवारी चहाबरोबर केक करा, असं व्यवस्थापक बाईंनी सांगितलं. चांगला झाला तर नोकरी कायम. मी तू लिहून दिलेला केकच्या कृतीचा कागद काढला. आठ जणांना दोन वाट्या मैदा, आश्रमात चाळीस माणसं, म्हणजे दहा वाट्या. इथवर सगळं सरळ होतं. पण कोठी सांभाळणारे काका (पूर्वी सोनाराकडे होते, त्यामुळे मिठाकडेही संशयानं बघतात) वाटी मानत नाहीत. "ग्रॅममध्ये सांगा," म्हणाले.

मग मी एक वाटी मैदा तोलला. एकशे अठरा ग्रॅम. काकांनी वाटी दोनदा ओट्यावर आपटली, मैदा खाली बसला, वरून आणखी भरला, तर एकशे एकोणचाळीस. मी चाळून घातला, तर एकशे दोन. वाटी तीच, मैदा तोच, वजनं तीन. काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मधला मैदा मीच खिशात घातला. शेवटी वाटीभर पाणी तोललं. दोनशे. पुन्हा तोललं, पुन्हा दोनशे. शब्दाला जागणारं तेवढं एकच सापडलं, म्हणून मी त्याच्यावर भरवसा ठेवला आणि वाटी म्हणजे दोनशे धरून दोन किलो मैदा घेतला. (यात काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. कळलं असेल तर हसून घे.)

पीठ एवढं घट्ट झालं की पळी उभी राहिली आणि बाहेर येईना. घाबरून दूध ओतलं, किती ते देव जाणे. भट्टीतून जे निघालं ते कापायला सुरी पुरेना, काकांनी करवत आणली. आता नोकरी गेली असं समजून मी पातळ काप करून पुन्हा भाजले आणि मान खाली घालून वाढले. एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं काप चहात बुडवला, बराच वेळ चावला, आणि म्हणाल्या, "आणखी आहे का?" मग सगळ्यांनीच मागितला. मी अजून गोंधळलेलोच आहे.

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मला कायम केलंय.

ता. क. २ - व्यवस्थापक बाईंना येत्या गुरुवारी अगदी तस्साच केक हवाय. मी काल करून पाहिला, तर छान मऊ झाला. मुख्याध्यापिका बाईंनी ताटली परत पाठवली. तू बुधवारीच ये आणि तो बिघडवून दे.

ता. क. ३ - फाटकावर विचारलं तर माझी मदतनीस आहे असं सांग. मी तुला स्वयंपाक शिकवतोय, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.