तुळशीचं पान आणि सूर्याचं वादळ

केडगाव

प्रिय गोरखदादा,

काल तुझा फोन ठेवल्यावर आई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ताट वाढून जेवायला बसली. असं का, ते फोनवर सांगता आलं नाही, कारण ती शेजारीच उभी होती.

तुमच्या गाड्यांचा ताफा दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर निघाला आणि वायरलेस बंद पडला, हे तळावरच्या साहेबांनी मला कळवलं होतं. सूर्यावर मोठं वादळ झालंय, ओसरलं की संपर्क होईल, म्हणाले. मी आईला खरं तेच सांगायचं ठरवलं. घरातली पहिली पदवी माझी, तीही भौतिकशास्त्रातली. मी नाही समजावणार तर कोण? सूर्याकडून आलेले बारीक कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवांकडे वळतात. त्यांच्यामुळे तिथली उंचावरची हवा विजेने भारली जाते आणि वायरलेसच्या लहरी गिळून टाकते. तिथला थोडा ओझोनही त्यात जातो. आईने सगळं ऐकून विचारलं, आपल्याकडे येईल का? मी उत्साहाने म्हटलं, नाही, ते ध्रुवांकडेच जातं. म्हणजे तू आहेस तिथेच, हे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

मग तिने ग्रहण पाळायला घेतलं. भरलेलं पाणी ओतून दिलं, दुधात तुळशीचं पान टाकलं आणि सुटेपर्यंत जेवणार नाही म्हणाली. हे ग्रहण नाही, असं मी परोपरीने सांगितलं, चिडलेही. ती एवढंच विचारायची, "सुटलं का गं?" रतिबाच्या दुधातही पानं गेली. रतीब घेणाऱ्या मालनबाई दारात येऊन म्हणाल्या, कॅलेंडरात ग्रहण नाही, मग तुमच्याच म्हशीला लागलं का? आईने कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच स्वतःच्या वृंदावनातली मूठभर पानं घेऊन आल्या.

वादळ ओसरतं, लहरी परत येतात, हे मला माहीत होतं. पण त्या बर्फात तुम्ही कुठे असाल, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आणि तू म्हणतोस, जागच्या जागी थांबून चहा करत बसलो होतो!

आज धार काढताना आईने विचारलं, तो तिथं नेमकं करतो काय? मी सांगितलं, वरच्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रं ज्या जनरेटरवर चालतात, तो दादा सांभाळतो. तुमच्या मोहिमेतले करण सर शुक्रवारी गोव्याहून तुमच्याकडे निघतायत, त्यांच्याबरोबर तिला तुळस पाठवायची होती. पण तिथे पान, बी, माती काहीच न्यायला बंदी आहे. जाताना तू तिच्याकडे तिथे हिवाळाभर राहण्याची परवानगी मागितलीस, तेव्हा उत्तर न देता ती आत निघून गेली होती, आठवतं? आज म्हणाली, "पान नेत न्हाईत तर कागद धाड. ऱ्हा म्हणावं हिवाळाभर. गिऱ्हान बघायला तिथं कुनीतरी पायजेच की." मी तिला दुरुस्त केलं नाही.

तुझीच, कालपासून पोटभर जेवू लागलेली,
माधुरी