सोळा वर्षांच्या नोंदी, तीन सेकंदांत

२५ सप्टेंबर, सकाळी
सोळा वर्षांपूर्वी सोलापूरहून जीपमधून सर्व्हर आणला, तेव्हा डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, जळकोटला चहासाठी गाडी थांबवली होती. खोकं काही मांडीवरून उतरवेनात. शेवटी मीच बशी त्यांच्या ओठाला लावली. ड्रायव्हर आरशात बघून हसत होता. चहा सांडला. खोक्यावर डाग अजून आहे.

मुरूमच्या आमच्या दवाखान्यातल्या तेव्हापासूनच्या सगळ्या बाळंतपणांच्या नोंदी त्या मशीनमध्ये. रजिस्टर तेव्हाच बंद केलं. सकाळी मशीन लावलं की पडद्यावर डॉक्टरांचं नाव येतं, आण्णासाहेब. ते जाऊन चार वर्षं झाली. मशीनला कुणी सांगितलेलं नाही.

दवाखाना आता सून निकिता बघते. म्हणाली, आई, ही सिस्टीम केव्हाच बाद झालीय, नवी टाकायलाच हवी. आजवर मी टाळलं ते निव्वळ तांत्रिक कारणांनी.

ठरलं. मीच टाकणार.

२८ सप्टेंबर
उमरग्याच्या कॉम्प्युटरवाल्या कृष्णराजचा फोन. मॅडम, शनिवारी येतो, तोवर हात लावू नका. मी सांगितलं, सूचना इंग्रजीत असतात आणि माझं इंग्रजी कॉन्व्हेंटातलं आहे. मग म्हणाला, बरं, बॅकअप तरी घ्या.

शुक्रवारी हरणाबाई येणार. तिची नात आरोही इथंच जन्मली, तिच्या जन्माची नोंद हवी. घरचा कागद उंदरांनी खाल्ला. त्याआधी उरकते.

३० सप्टेंबर, दुपारी
बॅकअप घेतला. पडद्यावरचं ‘आण्णासाहेब – नोंदी’ उचललं, पेन ड्राइव्हवर ठेवलं. सोळा वर्षांच्या नोंदी, तीन सेकंदांत! कृष्णराजनं दिवस घालवला असता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
६.४०. सुरू केलं.
८.१५. अठरा टक्के. नाश्ता गेला नाही. काळजी नाही, उकाडा.
१०.००. चौसष्टवर अडकलं. निकिता दोनदा डोकावली. तिला म्हटलं, असंच असतं.
११.२०. एकाहत्तर. आमची जुनी दाई गंगम्मा हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. कात्र्या, चिमटे, वजनकाटा पाटावर मांडून झालेले. म्हणाली, वैनी, ह्ये बंद करा की. आज हत्यारांना काम लावायचं न्हाय. डाक्टर सोता बटन दाबायचे.
खरं आहे. दाबायचे.
पडद्यावर होतं, कॉम्प्युटर बंद करू नका. प्लीज वगैरे काही नाही. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बियाट्रिस म्हणायच्या, प्लीज न म्हणता कुणी काही सांगितलं तर ऐकूच आलं नाही असं दाखवावं.
बंद केलं. पूजेपुरतं. झेंडू वाहिला.
१२.०५. लावलं. काळा पडदा, वर एक पांढरी ओळ. इंग्रजी अगदीच सुमार.
१२.४०. तेच. नाव आलं नाही.
१.३०. बटण पुन्हा दाबून पाहिलं. पण बॅकअप आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
सण असून कृष्णराज आला. पेन ड्राइव्ह त्याच्या लॅपटॉपला लावला. ते चित्र दोनदा उघडून पाहिलं. मग विचारलं, मॅडम, कॉपीला किती वेळ लागला होता? तीन सेकंद, मी सांगितलं, जरा ऐटीतच. म्हणाला, कोपऱ्यात बाण दिसतोय नव्हं? ह्यात नोंदी न्हाईत. नोंदी कुठं हायत ते दाखवणारं नुसतं चित्र हाय. नोंदी मशीनमध्येच राहिल्या.

निकिता रागावली नाही. ते जास्त लागलं.

गंगम्मा म्हणाली, आरोही व्हय? पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, दिस उगवायला. मला ठावं हाय की. पण गंगम्माच्या तोंडावर कोण शिक्का मारणार?

मशीन कृष्णराजला, खोक्यासकट. पुण्याला नेऊन डिस्क उघडून बघतो म्हणाला. निघालं तर निघालं. खोक्यावरचा डाग पुसू नये.
त्या खोलीची किल्ली निकिताला.
कोरं रजिस्टर गंगम्माला. आठवेल तसं सांगावं, लिहून घ्यायला मी बसेन.
हरणाबाईला माझ्या हातची माफीची चिठ्ठी. मराठीत.
पेन ड्राइव्ह मला. त्यात काही नाही, कळलं. पण चित्राखाली नाव आहे.