वेस्ट बाल्टिमोरच्या मुलांना माझी गरज आहे

२७ ऑगस्ट, रविवार
उद्यापासून शाळा. वेस्ट बाल्टिमोर. या भागाचं नाव ऐकून आईने मिनेसोटाहून फोनवर रडून घेतलं. मी शांत आहे. या विषयावरचे सगळे सिनेमे मी पाहिलेत, काही दोनदा. क्रम ठरलेला असतो. गोरा तरुण शिक्षक येतो, काळी मुलं कागदाचे बोळे मारतात, मग एक जण रडतो, आणि नाताळपर्यंत सगळी सुधारतात. मला इथे शिकवायला पाठवणाऱ्या संस्थेच्या ट्रेनिंगमध्येही साधारण हेच शिकवलं.
मला बारावीचा कॅल्क्युलसचा वर्ग मिळालाय. इतकी वर्षं तो ओडेसा पेटवे नावाच्या बाई घेत होत्या. संस्थेच्या देणगीदारांची अट पडली की वर्ग नव्या रक्ताकडे जावा. त्यामुळे पेटवेबाईंना नववी. त्या मला काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे सुटल्यासारखं वाटलं असणार.
संकल्प: रंग बघायचा नाही. सिनेमातल्यासारखी खुर्ची उलटी फिरवून बसायचं.

२८ ऑगस्ट
वर्गात एकवीस मुलं. सगळी काळी. (बघितलं नाही. लक्षात आलं.)
बोळे नाहीत. सगळे वह्या उघडून बसलेले. दडपलेलं बालपण, दुसरं काय!
खुर्ची उलटी फिरवून बसलो. पँट उसवली. उरलेला तास भिंतीला पाठ लावून काढला.
तिथूनच मोठ्या आवाजात म्हटलं, आयुष्य पुस्तकात नसतं, आणि कॅल्क्युलसचं पुस्तक कचऱ्याच्या डब्यात फेकलं. पहिल्या बाकावरची झाकिया टॉलिव्हर उठली, पुस्तक बाहेर काढलं, बाहीने पुसलं आणि म्हणाली, सर, एकवीस जणांत पुस्तकं अठरा आहेत, फेकायचंच असेल तर स्वतःचं आणून फेका.
केवढा राग साचलाय या मुलीत. हिला वाचवायलाच हवं.

१४ सप्टेंबर
डेरिव्हेटिव्हवर रॅप लिहिला. टोपी उलटी घालून वर्गात म्हटला. मागच्या बाकावरचा मार्केल ड्युप्री, वर्गातला विनोदवीर, त्याच्या डोळ्यांतून अक्षरशः पाणी. तास संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, सर, हे दुसऱ्या कुठल्या वर्गात करू नका हं. तुमच्या भल्यासाठी सांगतोय.
ही गोष्ट आमच्यातच राहावी असं त्याला वाटतं. गहिवरलो.
झाकियाने विचारलं, पुस्तकातला चेन रूलचा धडा कधी सुरू करणार. मी तिच्या डोळ्यांत बघत म्हटलं, झाकिया, तुला नक्की काय विचारायचंय? ती म्हणाली, चेन रूल. मुलं मनातलं सांगायला वेळ घेतात.

१९ ऑक्टोबर
शाळेसमोर एक धिप्पाड काळा माणूस हातवारे करत गाडीमागे धावला. मी वेग वाढवला. पुढच्या सिग्नलला त्याने गाठलं. त्याच्या हातात माझी बॅग होती. मी ती टपावर ठेवून निघालो होतो. म्हणाला, मास्तर, कान तपासून घ्या.
संध्याकाळी झाकियाच्या घरी गेलो. सिनेमात ही भेट महत्त्वाची असते. बाप पोरीला कॉलेजला पाठवायला तयार नसतो, शिक्षक दारात उभा राहून भाषण करतो, बाप विरघळतो. भाषण पाठ होतं. दार उघडताच सुरू केलं, मिस्टर टॉलिव्हर, तुमच्या मुलीला स्वप्नं बघू द्या!
ते म्हणाले, आधी पाय पुसा.
गृहस्थ राज्य सरकारकडे पुलांचे इंजिनिअर. आई दातांची डॉक्टर. मुलीने इंजिनिअर व्हायचं हे तिसरीतच ठरलंय. मे महिन्यात कॅल्क्युलसची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली तर कॉलेजची शिष्यवृत्ती पक्की, नाही तर नाही. मिस्टर टॉलिव्हरनी विचारलं, पोर्शन कुठवर आलाय. मी म्हटलं, सध्या आम्ही आत्मविश्वासावर आहोत. त्यांनी विचारलं, तुमची स्वतःची डिग्री कशातली. मी म्हटलं, मीडिया स्टडीज. निघताना आईने खेकड्याच्या वड्या बांधून दिल्या आणि दात दाखवून जा म्हणाल्या.
बाप पूर्ण विरघळला नाही. पण सुरुवात झाली.

२० जानेवारी, शनिवार
आज जिवावर उदार झालो.
ख्रिसमसपासून पाहतोय, माझी मुलं शनिवारी सकाळी कुठेतरी गायब होतात. विचारलं तर एकमेकांकडे बघतात. गँग. दुसरं काय असणार? आज पाठलाग केला. एकेक करून चर्चच्या तळघरात उतरली. लेदर जॅकेटची चेन वर ओढली, देवाचं नाव घेतलं, दार लाथेने उघडलं (ढकलायचं होतं, उघडंच होतं) आणि ओरडलो, याला माझ्या मुलांपासून दूर ठेवा!
फळ्याजवळ पेटवेबाई. हातात खडू. फळाभर इंटिग्रेशन. एकवीसही हजर.
बाई म्हणाल्या, दार लावून घ्या, थंडी येतेय.
मार्केलने विचारलं, सर, "याला" म्हणजे कुणाला? मी म्हटलं, अज्ञानाला.
घरी आल्यावर अर्थ लागला. सुट्टीच्या दिवशी, आपणहून, कॅल्क्युलस! ही आग कुणी लावली? पेटवेबाई मला मोलाचं सहकार्य करत आहेत. योग्य वेळी त्यांचे आभार मानायचे.

१० मे
परीक्षा झाली. आदल्या दिवशी मुलांना डोळे मिटून स्वतःला पुलासारखं कल्पायला लावलं. झाकियाने एक डोळा उघडा ठेवून गणितं सोडवली.

२६ मे, रविवार
एकवीसपैकी एकोणीस पास!!! झाकियाला पूर्ण मार्क. शिष्यवृत्ती पक्की.
स्थानिक पेपरात अर्धं पान. मथळा: "त्याने विश्वास ठेवला". फोटोत मध्यभागी मी, भोवती मुलं. उजव्या कडेला एक जांभळी बाही दिसते, ती पेटवेबाईंची. फोटोग्राफर त्यांना जरा सरका म्हणाला, त्या सरकल्या. पाच अंक घेतले. एक आईला.
आभार मानायचे राहिले.

४ जून
लॉस एंजेलिसहून फोन! पेपर वाचून एका निर्मात्याला माझ्यावर सिनेमा काढायचाय. कथेचा आराखडाही पाठवला. वाचताना दोनदा रडलो.
काही बदल आहेत, ते कलेत चालायचेच. झाकियाचे वडील तुरुंगात आहेत, आई नशा करते. मार्केल उत्तरार्धात गोळी लागून मरतो, कारण निर्मात्याच्या मते तिथे कथा जरा रेंगाळते. पेटवेबाई शाळेत फरशी पुसतात. मी खचलेला असताना त्या पोछा थांबवून एक वाक्य बोलतात, आणि मला बळ येतं. छोटी भूमिका, पण काळजाला भिडणारी.
सर्वांच्या लेखी परवानग्या हव्यात. माझी दिली.

१६ जून, रविवार
सगळे एकत्र भेटतील म्हणून पेटवेबाईंच्या चर्चला गेलो. आज पास झालेल्या मुलांचं कौतुक होतं. मुलं झगे घालून पुढे उभी. पाळकांनी विचारलं, तुम्हाला शिकवलं कुणी? मी कोटाचं बटण लावलं. एकोणीस जण एका सुरात म्हणाले, पेटवेबाईंनी. अख्खं चर्च उभं राहून टाळ्या वाजवत होतं. बाई खाली बघून डोळे पुसत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या. चर्च त्यांचंच, त्यामुळे तसं म्हणणं भाग असावं.
मग पाळक म्हणाले, आज नव्याने आलेल्या पाहुण्यांनी उभं राहून ओळख करून द्यावी. आता आली माझी पाळी! माझ्या आधीच्या बाई नाव-गाव सांगून खाली बसल्या. लाजाळू असतील. मी बालपणापासून सुरुवात केली. सिनेमापर्यंत आलो तेव्हा पुढच्या रांगेतल्या टोपीवाल्या आज्या हात वर करून म्हणू लागल्या, देवा, सांभाळ रे याला! दुसरीकडून, मदत कर, प्रभू, मदत कर! असा प्रतिसाद मला आयुष्यात मिळाला नव्हता. आवाज चढवून सगळी कथा सांगितली.
मार्केलने हात वर केला. सर, मी मरतो? मी म्हटलं, फार सुंदर मरतोस, माझ्या मांडीवर. तो म्हणाला, अहो पण मला ऑगस्टमध्ये कॉलेजला जायचंय.
मिस्टर टॉलिव्हर उभे राहिले. मी तुरुंगात का? मी म्हटलं, प्रेक्षकांना पटावं म्हणून. त्यांनी विचारलं, कुठल्या प्रेक्षकांना?
झाकिया म्हणाली, आणि बाई फरशी पुसतात? ती पुढे आली. म्हणाली, वर्ग काढून घेतलात, फोटोतून काढलंत, आता हातात पोछा देताय? सर, त्यांनी प्रत्येक शनिवार आम्हाला दिलाय. तुम्हाला त्यांचं शिकवणं कधी दिसलंच नाही का? समोर उभे होतात!
पांढरे हातमोजे घातलेल्या एका स्वयंसेवकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच दाबला. मी बसलो.
बाहेर एका आजीने सांगितलं, बाळा, आमच्याकडे "देवा, मदत कर" असं कधी म्हणतात ठाऊक आहे का? बोलणारा गाळात रुतत चालला की.
पेटवेबाईंपुढे परवानगीचा कागद धरला. त्यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, जेवून जा, कोंबडी भरपूर आहे.
जेवलो नाही. गाडीत बसून राहिलो. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं.

१८ जून
सावरलो. निर्मात्याला कळवलं की परवानग्या नाहीत. तो म्हणाला, किरकोळ आहे. मुलांची नावं बदलू, बाईंना काढून टाकू. फक्त एक सीन पाठवा. तुम्ही फळ्यापाशी उभे आहात, गणित शिकवताय, आणि मुलांना ते कळतं. वर्षभरातला कुठलाही एक तास चालेल, जसा घडला तसा.
मी म्हटलं, तासाभरात पाठवतो.
दुपारभर आठवत बसलो. रॅपचा दिवस आठवला, पुलाचा आठवला. फळ्यावर मी काय लिहिलं होतं ते आठवेना. शेवटी म्हटलं, आठवायचं कशाला, नवा तास लिहू. पुस्तक आणलं. चेन रूलचं पान उघडलं. तीनदा वाचलं.
संध्याकाळी झाकियाला फोन केला. म्हटलं, सिनेमासाठी नाही, सहज विचारतोय, आतलं फंक्शन आधी घ्यायचं की बाहेरचं? ती म्हणाली, सर, फोनवर नाही समजणार. पुढच्या बॅचचा पहिला तास या शनिवारी आहे, बाईंना सांगून ठेवते, तुम्ही मागे बसा.
येताना पेन्सिल आणा म्हणाली. बाईंना पेन चालत नाही.