सुभेदारांची जागेवरची फटफटी

शिराळा, ता. १२ जून १९७८

चि. सोपान यास,

सप्रेम जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की, तुझी थोरली बहीण वयाच्या चौतिसाव्या वर्षी फटफटी शिकते आहे. आईला हे वाचून दाखवण्याआधी तिला खाली बसव.

गेल्या महिन्यात डोंगरावरच्या धनगरवाड्यावरून बाळंतिणीसाठी बोलावणं आलं. एसटी दिवसातून एकदा, ती निघून गेलेली. नऊ मैल चालत गेले. पोचले तेव्हा बाईला झाकून ठेवलं होतं. सासू एवढंच म्हणाली, की बाई, आलात खऱ्या, पर आता कशापायी. मी नर्स आहे, मरण नवं नाही. तरी दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणि आमच्या आरोग्य केंद्रात पत्र्याखाली सरकारी फटफटी उभी आहे! सांगलीहून ट्रकमधून आली, त्यानंतर एक फर्लांगसुद्धा चाललेली नाही. कारण ती ‘पुरुष कर्मचाऱ्यासाठी’ आहे. पुरुष कर्मचारी म्हणजे मलेरियाचे अर्जुना. ते तिला रोज फडक्याने पुसतात, दसऱ्याला हार घालतात आणि सायकलवर टांग मारून फवारणीला जातात. विचारलं तर म्हणतात, बाई, आमची पोरं अजून ल्हान हायती.

म्हणून मी हंबीररावांकडे गेले. हे निवृत्त सुभेदार, फौजेत गाडी शिकवायचे. एक पाय अधू होऊन परत आले. त्यांनी आपली जुनी लष्करी फटफटी गोठ्यात ओंडक्यांवर पक्की बसवली आहे. पुढचं चाक काढलेलं, मागचं लोखंडी रुळावर गरगर फिरतं. खाली जीपच्या स्प्रिंगच्या पाट्या, त्यामुळे गाडी डुलते. गियर, क्लच, ब्रेक सगळं खरं. समोर लांबलचक कापडावर रस्ता रंगवलाय. त्यांच्या पत्नी शालूबाई दांडा फिरवतात आणि रस्ता अंगावर येतो. म्हैस कधी आडवी घालायची हेही शालूबाईच ठरवतात. ब्रेक चुकला की सुभेदार ओरडतात, मेलीस! पहिल्या दिवशी मी सात वेळा मेले.

माझ्यासाठी सीटवर वेगळं पोतं अंथरलं होतं. इतर शिकणाऱ्यांना ते लागत नाही. सीट मळू नये म्हणून, असं शालूबाई म्हणाल्या. मी रोज आंघोळ करते हे त्यांना कुणी कळवलं नसावं.

आईच्या पायाला तेल लावत जा. लोभ आहेच, हसून हसून तो सांडू नकोस.

तुझी अक्का,
बनुबाई


लोणंद, ता. १९ जून १९७८

ती. अक्कास,

सप्रेम जयभीम. पत्र पोचलं. आईला खाली बसवलं होतं, पण ती ऐकून उठून उभी राहिली. म्हणाली, हिला दोन पाय कमी पडत्यात व्हय?

मी स्टेशनावर सांधेवाला, दिवसभर गाड्यांचे रूळ बदलून देणारा. गाड्यांमधलं मला थोडं कळतं. जागेवर चालणारी गाडी आमच्याकडंही आहे, तिला आम्ही मालगाडी म्हणतो. परंतु तीसुद्धा आठवड्यातून एकदा हलते. तुझी तर तेवढीही नाही. आता पुढं पोहायला कुठं शिकणार? सुभेदारांनी परातीत सोय केली असेल तर कळव.

चेष्टा राहू दे. पोत्याचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. त्या दिवशी माझ्या हातून कंदील नीट पुसून झाला नाही. वडिलांनी ओझी डोक्यावर वाहून तुला शिकवलं ते पोत्यावर बसायला नव्हे. तू तिथून उठून का आली नाहीस, हे मला कळव. बाकीचं नाही कळवलंस तरी चालेल.

लोभ ठेवावा, आणि जमल्यास दोन्ही पाय जमिनीवर.

तुझा,
सोपान


शिराळा, ता. १६ जुलै १९७८

चि. सोपान यास,

सप्रेम जयभीम. उठून का आले नाही, असं विचारतोस. उठून आले असते, पण मग पुन्हा धनगरवाड्यावर चालत जावं लागलं असतं. पोत्यापेक्षा ते मला जड होतं. तू रागावलास ते बरं केलंस. मला तिथे बसून रागावता येत नाही, ब्रेक चुकतो.

पोत्याचा निकाल लागला आहे. मागच्या आठवड्यात सुभेदारांनी वळणावर गाडी डुलवली, पोतं सरकलं आणि मी शेणात पडले. सुभेदारांनी पोतं उचलून उकिरड्यावर भिरकावलं आणि बायकोला म्हणाले, की पोतं सरकतं न् माणूस पडतं, पुन्हा हे दिसता कामा नये. शालूबाई दोन दिवस नुसत्या म्हशी पाठवत होत्या. एका सकाळी चौदा! मी सगळ्या चुकवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपलं नऊवारी लुगडं आणून माझ्या हातात ठेवलं, म्हणाल्या, काष्टा घाल, हे पाचवारी चाकात जाईल. धुवून परत नेलं तर म्हणाल्या, राहू दे तुझ्याकडंच.

शिकाऊ परवान्यासाठी सांगलीला गेले होते. कारकुनाने अर्ज पाहिला, मला पाहिलं, आणि विचारलं, की शिकणारा कुठाय. शेवटी परवाना दिला. सरकारी गाडी चालवू द्यावी म्हणून केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी वर कळवलं होतं. उत्तर आलं: ‘वाहन पुरुष कर्मचाऱ्यासाठी असल्याने प्रश्न उद्भवत नाही.’ इथे बायकांच्या पोटात पोरं आडवी उद्भवतात, प्रश्न मात्र उद्भवत नाही.

आईस माझा नमस्कार. थट्टा थोडी, लोभ जास्त असू दे.

तुझी अक्का,
बनुबाई


लोणंद, ता. २५ जुलै १९७८

ती. अक्कास,

सप्रेम जयभीम. लुगड्याचं आईला वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाली, काठ कसला होता ते लिवलं न्हाई.

वर कळवून नाही म्हणून आलं ते लय बेस झालं. आता हौस गोठ्यातच फेड. तिथं म्हैस रंगवलेली, दरी रंगवलेली, मरण तर नुसतं तोंडी. खरी दरी कुणी दांडा फिरवून मागं घेत नाही. मी रुळांवर काय काय गोळा केलं आहे ते तुला कधी लिहिलं नाही आणि लिहिणारही नाही. डोंगराच्या वाटेला ती गाडी नेणार नाहीस, एवढं उलट टपाली कळव. कळवलं नाहीस तर मी रजा काढून येईन आणि त्या गाडीची हवा सोडीन.

लोभ असू द्यावा, पण माझं ऐकण्याइतका.

तुझा,
सोपान


शिराळा, ता. २ सप्टेंबर १९७८

चि. सोपान यास,

सप्रेम जयभीम. उलट टपाली कळवलं नाही, कारण खोटं लिहिण्याची सवय नाही.

मंगळवारी दुपारी धनगरवाड्यावरून माणूस धापा टाकत आला. धोंडुबाई नावाची बाई, मूल झालं होतं पण वार पडली नव्हती, रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरसाहेब मीटिंगला गेलेले. मी अर्जुनांकडे किल्ली मागितली. त्यांनी ती टेबलावर ठेवली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, मी काय बगितलं न्हाई. मी लुगडं नेसून निघाले.

सोपान, तुझंच खरं. कापडावरच्या रस्त्याला खडी नसते, चिखल नसतो, वारा पदर ओढत नाही. पहिल्याच चढाला गाडी बंद पडून मागे आली आणि मी आडवी झाले. हात सोलला. उठून चालू केली. ओढ्याच्या उतारावर दुसऱ्यांदा पडले. तिथे बसून मला रडू आलं, कुणी नव्हतं म्हणून रडले. पण खरं सांगते, पडल्यावर हात आपोआप क्लचकडे गेला, पाय आपोआप गियरवर. डोकं भेदरलेलं आणि हातपाय शहाणे! पुढच्या वळणावर खरी म्हैस होती. शालूबाईंपेक्षा गरीब निघाली, बाजूला झाली.

शेवटचा मैल पायवाट, तो पिशवी घेऊन पळाले. बाई पांढरीफटक पडली होती. वार काढली, इंजेक्शन दिलं, पोट चोळत बसले. दिवस मावळायला रक्त थांबलं. तिने पाणी मागितलं तेव्हा मला माझा सोललेला हात दुखायला लागला. मुलगी झाली आहे, आवाज खणखणीत.

सुभेदारांना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, दुसऱ्यांदा कोणता ब्रेक दाबला. मी म्हटलं, पुढचा. ते म्हणाले, उतारावर पुढचा दाबलास तरी जगलीस, कमाल आहे.

हवा सोडायला ये. येताना आईच्या हातची शेंगाचटणी आण. लोभ कळवणे.

तुझी अक्का,
बनुबाई


लोणंद, ता. ९ सप्टेंबर १९७८

ती. अक्कास,

सप्रेम जयभीम. पत्र ड्युटीवर वाचलं. वाचताना सिग्नलकडं लक्ष नव्हतं, ही गोष्ट स्टेशनमास्तरांना कळवू नये.

चेष्टा करावी म्हणून दोनदा कागद घेतला. सुचलं नाही. आई सगळ्या आळीत सांगत फिरते, की माझी बनू मोटार चालवती. फटफटी म्हटलं तर तिला कमीपणा वाटतो. हाताला काय लावलंस? सेप्टिक होऊ देऊ नकोस, हे मी नर्सला सांगतो आहे. चटणी हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर पाठवली आहे.

तुझा,
सोपान


शिराळा, ता. ८ ऑक्टोबर १९७८

चि. सोपान यास,

सप्रेम जयभीम. चटणी संपली. हात बरा आहे.

वरच्या कचेरीतून शाबासकी आली, ती अशी: ‘पुरुष कर्मचाऱ्याचे वाहन विनापरवानगी वापरल्याबद्दल कारणे दाखवा.’ मी लिहिलं, की कारण धनगरवाड्यावर आहे, नाव धोंडुबाई, सोबत तीन आठवड्यांची मुलगी, साहेबांनी कधीही येऊन पाहावं. त्यावर हुकूम आला, वाहन ताबडतोब जमा करा. सांगलीपर्यंत ते कुणी न्यायचं हे लिहिलं नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी तार करून विचारलं. तारेने उत्तर आलं, ज्यांना चालवता येते त्यांनी आणावे.

म्हणून गेल्या मंगळवारी, वाहन चालवल्याबद्दल काढून घेतलेलं वाहन, सरकारी हुकमाने चालवत मी सांगलीला गेले. पेठ, इस्लामपूर, आष्टा. कचेरीच्या दारात साहेब बाहेर आले आणि माझ्या मागे पुरुष शोधू लागले. मग म्हणाले, आता आणलीच आहे तर तेवढी शेडमध्येही लावा, इथं कुणाला येत नाही. मी लावली. पोचपावती घेतली आणि एसटीने परत आले. गाडीत खिडकीशी बसून मी शिराळ्यापर्यंत बाहेर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चालत जायला लागले.

शुक्रवारी सकाळी केंद्राच्या दारात धडधड ऐकू आली. सुभेदारांनी गोठ्यातले ओंडके उपटले होते. इस्लामपूरहून पुढचं चाक आणवलं, मिस्त्री बसवून तीन रात्री इंजिन खोललं. इंजिन चालू ठेवून दोन माणसांनी ढकलत ती लष्करी फटफटी माझ्यापुढे उभी केली. मी म्हटलं, आवं दादा, तुमची शाळा? ते म्हणाले, शाळा सुटली, आता ही ड्युटीवर जाऊ दे. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी काठी आपटून मागे बसायची तयारी केली. पाय अधू झाल्यापासून सात वर्षांत ते रस्त्यावर फटफटीवर बसले नव्हते, हे मला मिस्त्रीने सांगितलं. पेठ नाक्यापर्यंत गेलो आणि परत आलो. उतरताना त्यांनी डोळे पुसले, वर म्हणाले, की धूळ लय आहे.

वेशीत शालूबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातात काठी दिली, मला म्हणाल्या, आता मी. आणि भर बाजाराच्या दिवशी, सगळं गाव बघत असताना, काष्टा आवरून माझ्या मागे बसल्या आणि दोन्ही हातांनी माझी कंबर घट्ट धरली.

आईला सांग, काठ हिरवा आहे. लोभ असेल तर दिवाळीला ये, एसटी स्टँडवर घ्यायला मी येईन.

तुझी अक्का,
बनुबाई